फ्रेंच-अमेरिकन द्विभाषिक शाळा: अमेरिकेतल्या मराठी पालकांनी सुरुवात कुठून करावी

"आम्हाला फ्रेंच येत नाही, चालेल का?" फ्रेंच-अमेरिकन शाळेची चौकशी करणारे मराठी पालक पहिला प्रश्न बहुधा हाच विचारतात. चालतं. घरी फ्रेंचचा गंधही नसलेली मुलं या शाळांत भरपूर असतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र सहसा विचारायचा राहून जातो: मूल कोणत्या वयात आत जाणार आणि कोणत्या इयत्तेनंतर बाहेर पडणार? ही दोन टोकं आधी ठरली की मधलं सगळं जुळवता येतं. ती न ठरवता घेतलेला प्रवेश तिसरी-चौथीत अडतो. तोवर हजारो डॉलर खर्च झालेले असतात आणि मुलाचं फ्रेंच मात्र शाळा सुटल्यावर टिकेल इतकं पक्कं झालेलं नसतं.

शाळा कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

'फ्रेंच शाळा' या एका नावाखाली अमेरिकेत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात.

पहिला प्रकार म्हणजे फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची मान्यता असलेल्या खासगी शाळा. या मान्यतेला फ्रेंचमध्ये 'ओमोलोगासियों' म्हणतात. न्यूयॉर्कचं लिसे फ्रांसे (१९३५), सॅन फ्रान्सिस्कोची फ्रेंच अमेरिकन इंटरनॅशनल स्कूल (१९६२), वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमधली रोशाँबो, ह्यूस्टनची ऑटी इंटरनॅशनल ही यातली ठळक नावं. फ्रान्सबाहेरच्या अशा शाळांचं जाळं एईएफई ही १९९० साली स्थापन झालेली सरकारी संस्था सांभाळते. जगभरात १३० हून अधिक देशांत मिळून सुमारे ६०० शाळा या जाळ्यात आहेत. त्यांत फ्रान्सचाच अभ्यासक्रम शिकवतात आणि त्याच्या जोडीला अमेरिकन इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास वगैरे असतं. एक गोष्ट इथे नीट तपासा: मान्यता सरसकट शाळेला मिळत नाही, ती इयत्तांनुसार मिळते. एखादी शाळा पाचवीपर्यंत मान्यताप्राप्त असते आणि सहावीपासून नसते. चौकशीच्या पहिल्याच फोनवर "मान्यता कोणत्या वर्गापासून कोणत्या वर्गापर्यंत आहे?" असं स्पष्ट विचारा.

दुसरा प्रकार सरकारी शाळांमधल्या द्विभाषिक वर्गांचा. फी नाही. न्यूयॉर्क शहरात ब्रुकलिनच्या पीएस ५८ मध्ये २००७ साली असा फ्रेंच वर्ग सुरू झाला आणि त्यानंतर इतर शाळांत पसरला. युटा राज्यात २००८ च्या कायद्यानंतर अर्धा दिवस इंग्रजी आणि अर्धा दिवस दुसरी भाषा अशी पद्धत आली, तीत फ्रेंचही आहे. लुइझियानात फ्रेंच जपण्यासाठी १९६८ पासून कोडोफिल ही राज्यसंस्था काम करते आणि तिथे सरकारी शाळांत फ्रेंच माध्यमाचे वर्ग आहेत. या सगळ्यांत अभ्यासक्रम अमेरिकन राज्याचा असतो, फक्त शिकवण्याची भाषा फ्रेंच. म्हणजे मूल फ्रेंच बोलेल, वाचेल, पण ही वाट फ्रेंच बाकालोरेआकडे, म्हणजे तिथल्या बारावीच्या परीक्षेकडे, जात नाही.

तिसरा प्रकार शाळेबाहेरचा. 'फ्लाम' संघटनांचे शनिवारचे किंवा संध्याकाळचे वर्ग असतात आणि फ्रान्सच्या क्नेड या सरकारी दूरशिक्षण संस्थेचा पूरक अभ्यासक्रमही घेता येतो. हे दोन्ही ज्यांच्या घरी फ्रेंच बोललं जातं त्यांच्यासाठी आहे. मराठी घरातल्या, आधी फ्रेंच शाळेत न गेलेल्या मुलाला त्यातून सुरुवात करणं फार जड जातं.

फ्रेंच भाषा यावी एवढीच इच्छा असेल आणि घराजवळ सरकारी द्विभाषिक वर्ग असेल, तर तोच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. वर्षाला मोठी रक्कम मोजण्याचं कारण फ्रेंच अभ्यासक्रम हवा असणं किंवा देशोदेशी बदल्या होणार असणं हेच असू शकतं.

जन्मतारीख आणि इयत्ता: इथेच घोळ होतो

फ्रेंच पद्धतीत इयत्ता कॅलेंडर वर्षावर ठरते. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात जन्मलेली सगळी मुलं एका वर्गात. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याची तारीख निराळी आहे. कॅलिफोर्नियात १ सप्टेंबर, न्यूयॉर्क शहरात ३१ डिसेंबर.

समजा मुलीचा जन्म २० नोव्हेंबर २०२० चा आहे आणि घर सनीवेलला आहे. सप्टेंबर २०२६ मध्ये फ्रेंच हिशेबाने ती सीपी म्हणजे पहिलीत बसते, कारण २०२६ हे तिच्या सहाव्या वाढदिवसाचं वर्ष. कॅलिफोर्नियाच्या हिशेबाने ती त्याच सप्टेंबरात किंडरगार्टनमध्ये. पूर्ण एका वर्षाचा फरक. काही शाळा फ्रेंच तारीख पाळतात, काही अमेरिकन, काही दोन्हींच्या मधला मार्ग काढतात. सप्टेंबर ते डिसेंबर जन्माच्या मुलांच्या पालकांनी हे लेखी विचारून घ्यावं. पुढे शाळा बदलली तर याच फरकामुळे मूल एक वर्ष मागे किंवा पुढे ढकललं जातं.

वर्गांची नावंही पाठ करून ठेवा, कारण शाळेची सगळी पत्रं त्याच नावांनी येतात. तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुलांचे तीन वर्ग मिळून 'मातेर्नेल'. त्यातला शेवटचा, ग्रांद सेक्सियों, म्हणजे किंडरगार्टन. मग सीपी, सीई-१, सीई-२, सीएम-१, सीएम-२ म्हणजे पहिली ते पाचवी. त्यापुढे आकडे उलटे चालतात: सहावीला 'सिझिएम' म्हणजे सहावा, सातवीला पाचवा, आठवीला चौथा आणि नववीला तिसरा. ही चार वर्षं 'कोलेज'ची. शेवटची तीन वर्षं 'लिसे'ची: सगोंद, प्रमिएर, तेर्मिनाल, म्हणजे दहावी, अकरावी, बारावी. मोठ्या मुलाला "पाचव्या"त प्रवेश मिळाला असं पत्र आलं तर घाबरू नका, तो सातवीत आहे.

कोणत्या वयात दार उघडं असतं

तीन ते पाच वर्षं, म्हणजे मातेर्नेल, हा सर्वात सोपा काळ. फ्रेंच न येणारी मुलं इथे सर्रास घेतली जातात. सीपीतही बऱ्याच शाळा घेतात, पण त्या वर्षी वाचन-लेखन सुरू होतं, म्हणून मुलाला आधीच्या उन्हाळ्यात फ्रेंच कानावर पडलेलं असलं तर बरं. सीई-१ पासून बहुतेक शाळा इयत्तेच्या पातळीचं फ्रेंच मागतात. काही शाळांत मोठ्या मुलांसाठी वेगळा प्रवेशवर्ग असतो, त्यात एक-दोन वर्षं दिवसातले काही तास फक्त फ्रेंच शिकवतात. कोलेजच्या वयात अशा वर्गाविना थेट आत जाणं मुलासाठी क्रूर ठरतं, कारण इतिहास, भूगोल, गणित सगळंच फ्रेंचमधून समजून घ्यावं लागतं.

आधीची शाळा मान्यताप्राप्त असेल तर दुसऱ्या मान्यताप्राप्त शाळेत जाताना प्रवेशपरीक्षा नसते. मान्यता नसलेल्या शाळेतून येणाऱ्याची चाचणी होते.

अर्जाचं वेळापत्रक आणि कागदपत्रं

खासगी शाळांचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडतात, डिसेंबर-जानेवारीत बंद होतात आणि निर्णय मार्चच्या सुमारास कळतो. भारतातून एप्रिल-मे महिन्यात बदली होऊन येणाऱ्यांना हे सगळं उलटून गेलेलं दिसतं. तरीही फोन करा, कारण फ्रेंच कुटुंबांच्या बदल्या उन्हाळ्यात होतात आणि जागा तेव्हाच रिकाम्या होतात. सरकारी द्विभाषिक वर्गांचं वेळापत्रक जिल्ह्याच्या नियमित प्रवेशाबरोबर चालतं आणि तिथे सोडत निघते. राहण्याचा पत्ता कोणत्या शाळेच्या हद्दीत येतो याला तिथे फार वजन असतं, म्हणून घर भाड्याने घेण्याआधीच ते पाहा.

कागदांत जन्मदाखला, मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रगतिपुस्तकांच्या प्रती, सध्याच्या शिक्षकांचं शिफारसपत्र आणि लसीकरणाची नोंद लागते. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या, आणि पासपोर्टवरचं नाव व दाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना ते पाहा. लसींत नेहमी अडतं ते इथे: भारतातल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस असते, गालगुंडाची नसते, आणि कांजिण्यांचीही नसते. अमेरिकेतल्या शाळा या दोन्ही मागतात. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे त्या दिल्या असतील तर तारखांसह नोंद आणा. नसतील तर अमेरिकेत आल्या आल्या सुरुवात करा, कारण दोन डोसांच्या मधे ठरावीक अंतर सोडावं लागतं.

आता पैशांचं. मोठ्या शहरांतल्या मान्यताप्राप्त खासगी शाळांची वार्षिक फी साधारण २५ ते ४५ हजार डॉलरांच्या घरात, काही शाळांत त्याहूनही जास्त असते. फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती फक्त फ्रेंच नागरिकांना, वकिलातीमार्फत मिळते. आपल्यासाठी उरते ती शाळेची स्वतःची आर्थिक मदत. तिचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच भरायचा असतो, प्रवेश मिळाल्यावर मागायला गेलं तर निधी वाटून संपलेला असतो.

सही करण्याआधी शाळेचा करार शेवटपर्यंत वाचा. बहुतेक करारांत एक तारीख असते, आणि त्या तारखेनंतर मूल शाळेत आलं किंवा नाही आलं तरी वर्षभराची फी देणं लागतं. एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर त्याच्या हाती जास्तीत जास्त ६० दिवस असतात. म्हणून "देश सोडावा लागला तर फीचं काय?" हा प्रश्न लेखी विचारा आणि फी-परताव्याचा विमा शाळेमार्फत मिळतो का तेही पाहा.

पहिलं वर्ष: गप्प बसणारं मूल आणि आठ मिलिमीटरची वही

नव्या भाषेत पडलेलं लहान मूल काही महिने जवळजवळ बोलतच नाही. ऐकतं, सूचना पाळतं, गाणी गुणगुणतं, पण वाक्य बोलत नाही. हे सामान्य आहे. या काळात "काकूंना फ्रेंचमध्ये बोलून दाखव बाळा" असं चारचौघांत सांगणं टाळा, त्याने मूल आणखी मिटतं. मूल इंग्रजीत आणि मराठीत नेहमीसारखं बोलत असेल तर काळजीचं कारण नाही. तिन्ही भाषांत अडखळत असेल, किंवा सीपी संपताना फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हीतली साधी, सोप्या शब्दांची पानंसुद्धा वाचता येत नसतील, तर मात्र थांबू नका. दोन भाषांमुळे होतं असं म्हणून वर्ष घालवू नका. वाचादोषतज्ज्ञाकडे जा, आणि तपासणी मुलाच्या सर्व भाषा विचारात घेऊन व्हावी असा आग्रह धरा.

सीपीत वाचनाची सरमिसळ होणारच. तेच रोमन अक्षर, पण इंग्रजीत जिथे 'आय' म्हणायचं तिथे फ्रेंचमध्ये 'इ'. सी-एच इंग्रजीत 'च', फ्रेंचमध्ये 'श'. ओ-आय जोडून आले की 'वा'. शब्दाच्या शेवटची व्यंजनं बहुधा लिहायची पण म्हणायची नाहीत. मूल काही महिने या दोन पाट्यांवर घसरतं आणि मग आपोआप सावरतं. प्रगती मोजायला फ्रान्सची अधिकृत मापं सोपी आहेत: मोठ्याने वाचताना सीपीच्या शेवटी मिनिटाला ५० शब्द, सीई-१ च्या शेवटी ७०, सीई-२ च्या शेवटी ९०. घरी फोनवर एक मिनिट लावून शब्द मोजा, महिन्यातून एकदा पुरे.

वही बघून पालक चक्रावतात. फ्रेंच वहीला सेयेस आखणी असते, १८९२ सालची. ठळक रेघा ८ मिलिमीटरवर, आणि दोन ठळक रेघांच्या मधे दर २ मिलिमीटरला फिकट रेघ. उभ्या रेघाही ८ मिलिमीटरवर, डावीकडे लाल समास. छोटी अक्षरं पहिल्या फिकट रेघेपर्यंत, डी आणि टी दुसऱ्या रेघेपर्यंत, एल, बी आणि एच तिसऱ्या रेघेपर्यंत चढतात. आणि सगळं जोडून, एका ओघात लिहायचं. तेच मूल दुपारी इंग्रजीच्या तासाला सुटी अक्षरं लिहितं. देवनागरी लिहिणाऱ्या मुलाला तर आणखी एक फेरबदल करावा लागतो, कारण आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात आणि ही खालच्या रेघेवर बसतात. अक्षर बिघडतंय म्हणून रागावण्याऐवजी भारतात येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून साधी दुरेघी वही न मागवता सेयेसची वहीच विकत आणा. १७ बाय २२ आणि २४ बाय ३२ सेंटिमीटर ही शाळेच्या यादीतली नेहमीची मापं.

यादीत 'आर्द्वाझ' दिसेल. ती पाटी, हल्ली पांढरी, पेनाने लिहायची. शिक्षिका विचारतात "सात गुणिले आठ", सगळी मुलं लिहितात, इशारा झाला की पाट्या एकदम वर. तीस पाट्यांवर नजर टाकली की कुणाला आलं नाही ते त्याच क्षणी कळतं. पाढे पाठ असलेलं मराठी मूल इथे पहिल्यांदा खुलतं, कारण उत्तर द्यायला भाषा लागत नाही. पाढे घरी मराठीतच म्हणून घ्या. मोजण्याची भाषा बदलायला सांगू नका.

घरच्या मराठीचा फायदा कुठे होतो

मराठी बंद करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. फ्रेंचमधले 'त' आणि 'द' दातांवरचे आहेत, आपल्यासारखे. फक्त इंग्रजी बोलणारी मुलं तिथे 'ट' आणि 'ड'कडे घसरतात. फ्रेंच 'प' आणि 'क'मध्येही इंग्रजीसारखा हकार नसतो. 'तू' आणि 'व्हू' यांतला भेद मराठी मुलाला समजावावा लागत नाही, तो आपला तू आणि तुम्हीच आहे. निर्जीव वस्तूला लिंग असतं हेही त्याला नवं नाही. फक्त एवढंच सांगा की मराठीतलं लिंग तिकडे नेऊ नको: आपलं पुस्तक नपुंसकलिंगी, त्यांचं पुल्लिंगी. प्रत्येक नाम 'ल' किंवा 'ला'सकटच पाठ करायचं.

खरी अडचण दोन उच्चारांत येते. एक, गळ्यातून येणारा 'र'. दोन, तो स्वर ज्यात ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे आणि जीभ 'ई'च्या जागी ठेवायची. आरशासमोर 'ई' म्हणत राहा आणि आवाज न थांबवता ओठ गोल करा, बरोबर उच्चार येतो.

फ्रेंच आकड्यांची भीती अमेरिकन पालकांना वाटते. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस. आपल्या खेड्यांत 'चार विसा' मोजणारी पिढी अजून आहे, आजी-आजोबांना विचारा. श्रुतलेखनात मात्र घोटाळा ठरलेला: 'साठ' ऐकताच मूल ६ लिहून मोकळं होतं आणि मग 'सतरा' ऐकू येतं. ७७ लिहायचे असतात. उपाय एकच, पूर्ण आकडा ऐकेपर्यंत पेन्सिल उचललेली ठेवायची.

गणितात उत्तर बरोबर, तरी खूण चुकीची

फ्रेंचमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजारांमधे मोकळी जागा असते. त्यामुळे १२,५०० हे अमेरिकन तासाला साडेबारा हजार, आणि फ्रेंच तासाला साडेबारा. भागाकारात आपण आणि अमेरिकन भाजक डावीकडे लिहितो, फ्रेंच तो उजवीकडे, एका उभ्या-आडव्या काट्यात लिहितात आणि भागाकार त्याच्या खाली.

वजाबाकी जास्त बारकाईने बघा. ५२ वजा २७. आपल्या आणि अमेरिकन रीतीने पाचातला एक दशक मोडायचा, पाचाचे चार, बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन, उत्तर २५. अनेक फ्रेंच वर्गांत दशक मोडत नाहीत. वरच्या दोनाचे बारा करायचे आणि त्याच वेळी खालच्या दोनाला एक जोडून तीन करायचे. बारातून सात गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. उत्तर तेच. घरी आपण आपली रीत शिकवली की मुलाच्या वहीत दोन रीती एकमेकींत घुसतात आणि उत्तर १५ किंवा ३५ येतं. म्हणून आधी मुलालाच विचारा, "बाईंनी कशी शिकवली?", आणि त्याच रीतीने सराव घ्या.

फ्रान्समध्ये १९५६ च्या परिपत्रकाने प्राथमिक वर्गांना लेखी गृहपाठ बंद आहे. पण पाठ करायची कविता, वाचन आणि 'दिक्ते' म्हणजे श्रुतलेखनाची तयारी घरी येतेच. अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेल्या पालकांना वाटतं आपण घालू श्रुतलेखन. आपला उच्चार चुकला तर मूल चुकीचं लिहितं, म्हणून शिक्षिकांकडून ध्वनिमुद्रण मागा. पाठांतर मात्र आनंदाने घ्या, ते आपल्याला जमतं.

वीसपैकी तेरा

कोलेजपासून गुण २० पैकी येतात. तेरा म्हणजे पासष्ट टक्के असा हिशेब मराठी घरात लगेच होतो आणि रात्रीचं जेवण बिघडतं. फ्रेंच मापात १२ म्हणजे बऱ्यापैकी चांगला, १४ म्हणजे चांगला, १६ म्हणजे फार चांगला, अगदी बाकालोरेआच्या श्रेणीही याच आकड्यांवर आहेत. वीसपैकी वीस भाषाविषयांत जवळपास कुणालाच मिळत नाहीत. शिक्षकांचे शेरेही कोरडे असतात: "अजून चांगलं करू शकतो" हा नेहमीचा शेरा आहे, तक्रार नव्हे. अमेरिकन कॉलेजांकडे अर्ज जाताना शाळेने गुणपद्धती समजावणारं पत्रक जोडायला हवं. ते जोडतात का, हे नववीतच विचारून ठेवा.

दोन तऱ्हांचा निबंध

किशोरवयात मुलांची खरी दमछाक इथे होते, आणि शाळा ती नेहमी उलगडून सांगत नाहीत. अमेरिकन निबंधात पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी आपलं म्हणणं ठामपणे मांडायचं आणि पुढे पुराव्यांनी ते सिद्ध करायचं. फ्रेंच 'दिसेर्तासियों'त प्रस्तावनेत म्हणणं सांगायचंच नसतं. तिथे प्रश्न उभा करायचा, मग आराखडा जाहीर करायचा, मग एक बाजू, दुसरी बाजू, आणि शेवटी दोन्हींच्या पलीकडे नेणारी तिसरी.

विषय घ्या: फोनमुळे किशोर एकटे पडतात का? अमेरिकन तासाला पहिल्या परिच्छेदातच "फोनपेक्षा झोपेचा अभाव मुलांना एकटं पाडतो" असं विधान हवं. फ्रेंच तासाला आधी 'एकटं पडणं' म्हणजे काय याची उकल, मग होय, मग नाही, मग प्रश्नच नव्याने मांडणं. सवयीने एकाचं दुसरीकडे गेलं की इंग्रजीचे शिक्षक लिहितात "तुझा मुद्दा कुठे आहे?" आणि फ्रेंचचे लिहितात "आराखडा नाही". मुलाला आपल्या शास्त्रचर्चेतला क्रम सांगा: पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सिद्धान्त. फ्रेंच निबंध त्या बांधणीच्या खूप जवळ आहे. आणि प्रत्येक कच्च्या कागदाच्या वर कोणत्या तऱ्हेचा निबंध आहे ते लिहायची सवय लावा.

बाकालोरेआ आणि कॉलेजचे अर्ज

दहावीच्या शेवटी फाटा येतो. काही शाळांत फ्रेंच बाकालोरेआ किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय बारावीचा अभ्यासक्रम) यांतलं एक निवडता येतं, सॅन फ्रान्सिस्को आणि ह्यूस्टनच्या वर उल्लेखलेल्या शाळांत दोन्ही आहेत. फ्रेंच वाटेवर अकरावीला तीन विशेष विषय घ्यायचे आणि बारावीला त्यातले दोन ठेवायचे. इंजिनिअरिंग किंवा अर्थशास्त्राचा विचार असेल तर गणित सोडू नका, अकरावीला विशेष विषय म्हणून न घेतलेलं गणित बारावीला त्या रूपात मिळत नाही. लहान शाळांत सगळे विशेष विषय शिकवत नाहीत, म्हणून यादी आधीच मागा. २०२४ पासून आंतरराष्ट्रीय विभागांत 'बाकालोरेआ फ्रांसे अँतेर्नासियोनाल' आलं आहे. त्याच्या अमेरिकन विभागात परीक्षेचा काही भाग इंग्रजीतून होतो, आणि त्यात काम बरंच जास्त असतं.

एकूण गुणांपैकी ४० टक्के वर्षभराच्या कामाचे, ६० टक्के अंतिम परीक्षांचे. अकरावीच्या जूनमध्ये फ्रेंचची चार तासांची लेखी आणि २० मिनिटांची तोंडी परीक्षा होते, आणि २०२६ पासून गणिताचीही एक लेखी. बारावीत तत्त्वज्ञानाचे चार तास सर्वांना सक्तीचे. दोन विशेष विषयांना शंभरातले प्रत्येकी १६ भार, आणि शेवटी 'ग्रां ओराल' ही तोंडी परीक्षा. निकाल जुलैत.

अमेरिकन कॉलेजांचे अर्ज मात्र आधी संपतात: लवकरचे अर्ज बहुधा १ नोव्हेंबरला, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे नोव्हेंबरअखेर, बाकीचे जानेवारीच्या सुरुवातीला. फ्रान्ससाठी पार्कूरस्युप या सरकारी संकेतस्थळावर जानेवारी ते मार्चमध्ये नोंदणी. फ्रेंच बाकालोरेआ देणाऱ्या भारतीय पासपोर्टच्या विद्यार्थ्यालाही तीच वाट. भारतात परतून कॉलेज करायचं असेल तर भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षता प्रमाणपत्र लागतं, त्याच्या अटी पाहूनच अकरावीचे विषय निवडा. मे महिन्यात एपी (कॉलेजच्या पातळीच्या अमेरिकन विषयांच्या) परीक्षा आणि जूनमध्ये बाकालोरेआ असा डबल भार येतो, म्हणून अकरावीला दोनाहून अधिक एपी घेऊ देऊ नका.

शाळा सोडताना

बदली झाली तर मुंबई आणि दिल्लीत फ्रेंच लिसे आहे, पुदुच्चेरीचं तर १८२६ पासून. फ्रेंच वाट सोडून अमेरिकन शाळेत जायचं असेल तर पाचवीच्या किंवा नववीच्या शेवटी जा, मधल्या वर्षांत विज्ञानाचे विषय जुळत नाहीत. फ्रेंच पद्धतीत भौतिक-रसायन आणि जीवशास्त्र दरवर्षी थोडं थोडं चालतं, अमेरिकन हायस्कूलमध्ये एकेक विषय वर्षभरात पुरा करतात. त्यामुळे अर्धवट विषयांची क्रेडिट्स पुढच्या शाळेत मोजली जात नाहीत.

निघताना शाळेकडून तीन कागद शिक्क्यासह घ्या: अमेरिकन पद्धतीचं गुणपत्रक, फ्रेंच 'लिव्हरे स्कोलेर' म्हणजे प्रगतिपुस्तक, आणि 'एग्झेआ', म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. शेवटचा कागद आपल्या एलसीसारखा आहे. फी थकलेली असेल तर तो अडतो, आणि तो नसेल तर पुढची फ्रेंच शाळा नाव पक्कं करत नाही. तो मागायचा अर्ज निघण्याच्या किमान महिनाभर आधी द्या, कारण जुलैच्या मध्यानंतर बहुतेक शाळांचं कार्यालय ऑगस्टअखेरपर्यंत अर्धवटच चालू असतं.